सगळे एकदम थांबतात तेव्हा

सोलापुरात कोळ्याला तीन भाषांत तीन नावे आहेत आणि प्रत्येक नावात एक धंदा दडलेला आहे. मराठीत तो कोळी, म्हणजे जाळे टाकून वाट पाहणारा मासेमार. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तो सालेपुरुगू. पुरुगू म्हणजे किडा आणि साले म्हणजे विणकर. पद्मसाली या नावातला साले तो हाच. कन्नडमध्ये तो जेड, आणि आद्य वचनकारांपैकी एक असलेल्या जेडर दासिमय्यांच्या नावात हाच शब्द विणकर या अर्थाने येऊन बसला आहे. मराठीलाही विणकामाचे अगदीच वावडे नाही. कातणारी ती कातीण, हा शब्द बोलण्यातून मागे पडला तरी त्याचा अर्थ कोळीच. अशा गावात कोळ्यांची भयकथा रचायला बसले की पहिली कल्पना सुचते ती ठरलेली: हजारो कोळी आणि सगळ्यांना मिळून एकच मन. ते मन विचार करते, डाव आखते, माणसांना हेरून ठेवते. माझे म्हणणे असे की यातले ‘हजारो कोळी’ ठेवावेत आणि ‘एकच मन’ काढून टाकावे. शास्त्राशी इमान राखायचे एवढ्यासाठी हे म्हणत नाही; भयकथेने शास्त्राचे देणे लागतेच असे नाही. मन काढले की गोष्ट अधिक भीतिदायक होते, म्हणून म्हणतो.

मुळात हे सामूहिक मन कोळ्यांचे नाहीच, ते मधमाश्यांकडून उसने आणलेले आहे. १९०१ साली बेल्जियन लेखक मॉरिस मेटरलिंक यांनी मधमाश्यांवरच्या आपल्या पुस्तकात पोळ्याच्या आत्म्याविषयी लिहिले. दहा वर्षांनी विल्यम मॉर्टन व्हीलर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने मुंग्यांची वसाहत म्हणजे एकच सजीव, असे मांडले. पुढे विज्ञानकथांनी ही कल्पना उचलली आणि ती कुठल्याही झुंडीला चिकटवून टाकली. पोळ्याच्या बाबतीत तिला थोडाफार आधार तरी आहे. तिथे राणी आहे, वांझ कामकरी आहेत, वयानुसार ठरलेली कामे आहेत. कोळ्यांत यातले काहीही नाही. राणी नाही, सैनिक नाहीत, कामकरी वर्ग नाही. तरीही कोळी एकत्र राहतात, एकत्र जाळे विणतात, एकत्र शिकार करतात. कुणाच्याही हुकमाविना हे चालते कसे, या प्रश्नातच कथेचे खरे बीज आहे.

आणि त्यासाठी ॲमेझॉनपर्यंत जाण्याची गरज नाही. स्टेगोडायफस सारासिनोरम नावाचा सामाजिक कोळी महाराष्ट्रासह भारताच्या कोरड्या, झुडपी प्रदेशात राहतो. पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या स्विस निसर्गअभ्यासकांनी श्रीलंकेत जमवलेल्या नमुन्यांवरून फर्डिनांड कार्श या जर्मन अभ्यासकाने १८९२ साली त्याची नोंद केली. नावात सारासिन आले ते त्यामुळे. सोलापूरकडचे माळ डोळ्यांसमोर आणा: नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखे उघडे रान, कुसळी गवत, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. अशा काटेरी फांदीच्या बेचक्यात या कोळ्याचे घर असते. लांबून पाहिले तर वाऱ्याने उडालेले फडके काट्यात अडकले आहे असे वाटावे. जवळ गेले की तो मळकट, घट्ट गोळा दिसतो. त्यात वाळकी पाने विणलेली, भुंग्यांची पोकळ कवचे अडकलेली, नाकतोड्याचा एखादा पाय बाहेर आलेला. गोळ्याला बोटाच्या जाडीची भोके असतात आणि त्यांतून आजूबाजूच्या फांद्यांवर जाळ्याचे पडदे ताणलेले असतात. या जाळ्याला चिकट थेंब नसतात. पायावरच्या कंगव्यासारख्या केसांनी पिंजून काढलेला तो लोकरीसारखा कोरडा धागा असतो. किड्याच्या पायाचे केस त्यात गुंततात आणि सुटत नाहीत. धूळही तशीच धरून राहते, म्हणून घरटे मळकट. दिवसभर तिथे हालचाल नसते. ऊन उतरले की भोकांतून राखी रंगाचे, बोटाच्या पेराहून लहान जीव बाहेर येऊ लागतात. दहा, मग पन्नास, कधी शेकडो. बहुतेक सगळ्या माद्या आणि बहुतेक सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या.

ही गोष्ट किती जगावेगळी आहे ते आकड्यांवरून कळते. कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. त्यांपैकी कायम एकत्र राहणाऱ्या जाती पंचविसाच्या आसपास आहेत. उरलेल्यांना शेजारी म्हणजे एक तर अडचण, नाहीतर जेवण. कथाकाराने हा फरक मनात पक्का ठेवावा, कारण गर्दी आणि समाज यांत गल्लत होणे फार सोपे आहे. २०१० च्या पावसाळ्यात पाकिस्तानात महापूर आला तेव्हा सिंधमध्ये असंख्य कोळी पाण्यापासून वाचायला झाडांवर चढले आणि झाडेच्या झाडे पांढऱ्या जाळ्यांत गुंडाळली गेली. ती छायाचित्रे जगभर गाजली. पण तो समाज नव्हता, ती आश्रितांची गर्दी होती. अल्बानिया आणि ग्रीसच्या सीमेवरच्या एका गंधकी गुहेचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अंधारात शंभराहून अधिक चौरस मीटरचे जाळे आणि त्यात अंदाजे एक लाख अकरा हजार कोळी सापडले, तेही दोन वेगवेगळ्या जातींचे, एरवी एकएकटे राहणारे. चिलटांचे खाणे भरपूर मिळाले म्हणून ते तिथे दाटीने राहिले. म्हणजे भिंतभर पसरलेल्या जाळ्यासाठीसुद्धा मनाची गरज नसते. पोट भरण्याची सोय पुरते.

आता शिकारीकडे येऊ, कारण माझ्या मुद्द्याचा भक्कम पुरावा तिथे आहे. दक्षिण अमेरिकेतला ॲनेलोसिमस एक्झिमियस हा कोळी जेमतेम काही मिलिमीटरचा, पण त्याच्या वसाहतीत हजारो जीव असतात आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी पट मोठे पतंग, नाकतोडे पाडतात. जाळ्यात काही पडले की आसपासचे कोळी त्या दिशेने धावतात. मग सगळे एकदम थांबतात. एकही पाय हलत नाही. क्षणभराने सगळे पुन्हा एकदम धावतात, पुन्हा थांबतात. पाहणाऱ्याला वाटते की कुणीतरी ‘सावधान, चल’ असे हुकूम देत आहे. फ्रेंच अभ्यासकांनी ही लय १९९१ मध्येच नोंदवली होती. २०२२ मध्ये तुलूजच्या संशोधकांनी फ्रेंच गयानाच्या जंगलात जाळ्यांवर कंप पावणारे नकली भक्ष्य ठेवून आणि संगणकावर प्रतिमाने मांडून तिचे कारण उलगडले. कोळ्याला भक्ष्य कळते ते पायांना जाणवणाऱ्या कंपनांतून. पण शेकडो भावंडे धावू लागली की त्यांच्या पावलांच्या कंपनांत भक्ष्याची धडपड बुडून जाते. काहीच ऐकू येईनासे झाले की कोळी थांबतो. शेजारीही त्याच कारणाने थांबतो. सगळे थांबले की शांतता होते, तीत भक्ष्याचे फडफडणे स्वच्छ ऐकू येते आणि सगळे पुन्हा निघतात. घरात रातकिडा शोधणारी चार माणसे हेच करतात. चौघांनी खुर्च्या सरकवल्या की आवाज हरवतो, मग सगळे आपोआप श्वास रोखून उभे राहतात. त्यासाठी कुणी पुढारी लागत नाही.

या एका निरीक्षणातून भयकथेला तिचे मुख्य दृश्य मिळते, आणि ते बहुतेक लेखक हाताळतात त्याच्या उलटे आहे. झुंड म्हटले की आपण सळसळ लिहितो, वळवळ लिहितो, भिंतीवरून ओघळणारा काळा लोंढा लिहितो. खरी दहशत लोंढा थांबतो त्या क्षणात आहे, कारण तो थांबला आहे तो ऐकण्यासाठी. त्या खोलीतल्या माणसाला हे कळले की त्याच्या लक्षात येते, आता आपल्या छातीची धडधडसुद्धा एक बातमी आहे. एक मन असलेल्या झुंडीला असे थांबावे लागणार नाही. तिला सगळे आधीच ठाऊक असेल. जिला ठाऊक नाही आणि जी म्हणून कान देते, तिच्यापासून लपण्याची आशा उरते. आशा असेल तरच भीती टिकते. सर्वज्ञ शत्रूपुढे माणूस हात टेकतो, आणि हात टेकलेल्या माणसाची गोष्ट चार पानांपलीकडे जात नाही.

यावर कुणी म्हणेल, थांबण्याचे समजले. पण एवढे मोठे जाळे एका नकाशाशिवाय कसे उभे राहते? याचे उत्तर सोलापुरात शोधणे सोपे आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी विणकराच्या डोक्यात नसते. ती जकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठा पुढे सरकतो, त्याप्रमाणे उभे धागे उचलले जातात, धोटा जातो. आणि साधे कापड असेल तर पुठ्ठाही लागत नाही. दिवसपाळीचा माणूस उठून रात्रपाळीचा बसला तर त्याला कुणी काही समजावून सांगत नाही. मागावर जिथवर कापड आले आहे तेच त्याला पुढचे सांगते. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये वाळवीच्या बाबतीत नेमके हेच मांडले: वाळवी एकमेकींना सूचना देत नाहीत, अर्धवट झालेले कामच पुढच्या कामाची सूचना असते. त्याने त्याला ‘स्टिगमर्जी’ असे नाव दिले. कोळ्यांच्या वसाहतीत तसेच चालते. फाटलेला पडदा दिसला की जवळची मादी तो सांधते, सैल धागा सापडला की ताणते. हिल्टन जापियासू आणि केविन लेलँड या दोघांनी २०१७ मध्ये त्याही पुढे जाऊन असे मांडले की कोळ्याच्या बुद्धीचा काही भाग त्याच्या जाळ्यातच असतो. धागा ताणला की त्या बाजूचे कंप अधिक ठळक येतात, म्हणजे लक्ष कुठे द्यायचे हे धाग्याचा ताणच ठरवतो. कथाकाराला इथे सोन्याची खाण आहे. कोळी मारले तरी जाळे उरते, आणि जाळे उरले तर पुढच्या पिढीला आपले काम कळते. घर झाडून जळमटे काढणाऱ्या बाईला आपण काय पुसून टाकतो आहोत आणि कोपऱ्यात काय राहू दिले आहे, याची कल्पना नसते.

याहून तगडा आक्षेप तत्त्वज्ञानाकडून येतो. मेंदूतली एकेक पेशीही बिनमनाचीच असते. पेशींच्या बेरजेतून मन उगवते तर कोळ्यांच्या बेरजेतून का उगवू नये? आक्षेप हुशारीचा आहे, पण तो जेवणाच्या पंगतीपाशी अडखळतो. मेंदूच्या पेशी एकमेकींच्या तोंडचा घास पळवत नाहीत. कोळी पळवतात. कोळ्याचे पचन शरीराबाहेर सुरू होते: तो भक्ष्यात पाचक रस सोडतो, आतले मांस पातळ होते आणि मग तो ते शोषून घेतो. दहा कोळी एकाच भुंग्याला लागले की सगळ्यांचा रस एकाच भांड्यात. मग ज्याने स्वतःचा रस हात राखून सोडला आणि दुसऱ्याच्या रसावर आयते प्यायले, त्याचा फायदा. श्नायडर आणि बिल्डे या दोन संशोधिकांनी स्टेगोडायफसच्याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या पिलांवर प्रयोग करून २००८ मध्ये दाखवले की सख्खी भावंडे एकत्र जेवली तर भक्ष्यातून अधिक अन्न निघते. परक्यांची पंगत असली की प्रत्येक जण हात आखडता घेतो. म्हणजे ही एकजूट नात्यावर टिकते आणि तिच्याआड हिशेब चालूच असतो. तेव्हा ‘सामूहिक मन’ हा शब्द खोडून कथाकाराने वहीत ‘सामूहिक पोट’ असे लिहावे. भक्ष्याभोवती रिंगण करून बसलेले जीव, मधे एकच वाटी, आणि पचन कुणाच्याही शरीराच्या आत नाही. मनापेक्षा हे चित्र कितीतरी अंगावर येणारे आहे, आणि ते खरे आहे.

आईची गोष्ट तर त्याहून अवघड. या कुळात पिले बाहेर आली की मादी त्यांना तोंडातून रस भरवते. हळूहळू तिच्या आतले अवयवच विरघळू लागतात आणि त्यांचा रस होतो. शेवटी पिले तिच्या अंगावर चढतात आणि तिलाच शोषून घेतात. ती पळत नाही. आफ्रिकेतल्या स्टेगोडायफस डुमिकोलामध्ये असे दिसले आहे की ज्या माद्यांनी कधी अंडी घातली नाहीत त्याही बहिणीच्या पिलांना भरवतात आणि त्याही खाल्ल्या जातात. माय मरो पण मावशी उरो, ही आपली म्हण त्या घरट्यात निम्मीच खरी ठरते. एकमन झुंडीच्या गोष्टीत हा प्रसंग वाया जातो, कारण एकच मन असेल तर आईचे मरणे म्हणजे नखे कापण्यासारखे. जेव्हा ती वेगळा जीव आहे, तिला वेगळे शरीर आहे आणि तरीही ती जागची हलत नाही, तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. मराठी कथेत आई आणि मावशी ही पात्रे इतकी हुकमी आहेत की लेखकाने उपमा देण्याचा मोह टाळला तरी काम होईल. किंबहुना टाळला तरच होईल.

मन नाही तर खलनायक नाही, आणि खलनायक नाही तर गोष्ट कशी, हा मराठी वाचकाचा रास्त प्रश्न आहे. आपली भयकथा नारायण धारपांनी घडवली आणि त्यांच्या जगात दुष्ट शक्तीला हेतू असतो. तिला काहीतरी हवे असते, म्हणून तिच्याशी सामना करता येतो. धारपांच्या कथांतले समर्थ त्याच भरवशावर उभे आहेत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भीती पुष्कळदा माणसाच्या मनातच घर करते, म्हणजे तिथेही मन आहेच, फक्त ते आपले असते. मन नसलेली झुंड या दोन्ही वाटांनी जात नाही. तिच्याशी बोलता येत नाही, तिला उतारा देता येत नाही, तिची शपथ मोडता येत नाही. पण म्हणून गोष्टीतून मन हद्दपार करावे लागत नाही. ते पात्रांच्या समजुतीत ठेवावे. माणसाचा स्वभाव असा की सगळे एकदम थांबले की त्याला हुकूम देणारा दिसू लागतो. कथेतला एक जण म्हणेल, यांची राणी असणार, तिला शोधून मारू. दुसरा म्हणेल, हे आपल्याला ओळखतात. दोघेही चुकतील, आणि चुकीच्या समजुतीवर टाकलेले प्रत्येक पाऊल त्यांना जाळ्याच्या मधोमध नेईल. इथे एक सावधगिरी हवी. धीट कोळी वसाहतीचे नेतृत्व करतात अशा बातम्या मागे बऱ्याच छापून आल्या. त्या विषयातले काही गाजलेले शोधनिबंध आकडेवारीत खोट आढळल्याने २०२० पासून मागे घ्यावे लागले. म्हणजे राणी नसलेल्या घरट्यात पुढारी शोधण्याचा मोह शास्त्राच्या अंगणातही आवरत नाही. कथेतल्या पात्रांना त्याबद्दल फार दोष देऊ नये.

कोळी लहान आहेत आणि माणसाला काही करत नाहीत, हा आक्षेप मी मान्यच करतो. सारासिनोरमपासून माणसाला धोका नाही. त्याला म्हशीएवढा फुगवण्याचा मार्ग चित्रपटवाल्यांनी पुष्कळ तुडवला आहे. त्या आकाराचा कोळी स्वतःच्या कवचाच्या ओझ्याखाली उभाही राहू शकणार नाही आणि त्याच्या श्वसनसंस्थेला ते शरीर पेलणार नाही. आकार तसाच ठेवून संख्या आणि वेळ वाढवावी. चावा नको. खिडकीच्या गजांवर सकाळी एक पडदा, दुपारी झाडला, दुसऱ्या सकाळी दोन. कुलपाच्या भोकात धागा. झोपलेल्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या काडीपासून उशीपर्यंत ताणलेला एकच धागा, ज्यावर कुणीतरी पाय ठेवून बसले आहे आणि त्याचा श्वास मोजते आहे.

एक आक्षेप मात्र मी सगळ्यांत गंभीर मानतो. झुंडीची भयकथा म्हणजे पुष्कळदा माणसांच्या गर्दीविषयीची छुपी कथा असते. बिनचेहऱ्याचे, एका मनाचे, असंख्य असे म्हटले की कुणाला परके आठवतात, कुणाला कामगार. सोलापूर हे गिरण्यांचे, कामगारांचे आणि तीन-चार भाषांचे गाव. जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. तिथे कोळ्याला ज्या शब्दाने हाक मारतात तोच शब्द माणसांच्या एका समाजाच्या नावात आहे. म्हणून तर जपून पावले टाकायची. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गाव रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि सरकारने मार्शल लॉ लावला. राज्यकर्त्यांच्या लेखी तो एक जमाव होता. पण त्यापायी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार नावे वाचली तरी चार वेगळी घरे दिसतात. हजारो डोक्यांवर एक मन लादण्याची सवय कुणाची आणि कशासाठी, हे सोलापूरच्या लेखकाला निराळे शिकवावे लागू नये. एकमन झुंड नाकारण्याचे हे दुसरे कारण. कोळ्यांना कोळीच राहू द्यावे, नात्यातल्या माद्यांचे एक हिशेबी कुटुंब, आणि माणसांच्या गर्दीचे रूपक त्यांच्या पाठीवर लादू नये.

तर मग कथा उभी करायची कुठे? माळावर नको, तिथे ते आपल्या घरी आहेत. पुराने त्यांना हलवावे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या महापुराने जिल्ह्यातली गावे आणि शेते पाण्याखाली गेली होती. तशा पुरात बांधावरची बाभूळ उन्मळते, घरट्यासकट वाहते, आणि तिचे लाकूड पुढे कुठल्यातरी वखारीत, वखारीतून पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या अंगणात येऊन पडते. हा कारखाना निवडण्यामागे कारण आहे. माग चालू असतात तेव्हा जमीन, भिंती, पत्रे सगळे थरथरत असते. पायांनी ऐकणाऱ्या जीवाला तिथे काहीच ऐकू येणार नाही. जोवर धंदा चालू आहे तोवर कोळी बहिरे आहेत. मग मंदी येते, टॉवेलची मागणी पडते, आठ मागांपैकी चार बंद, मग सहा, मग रात्रपाळीच बंद. कारखाना शांत होतो आणि कोळ्यांना ऐकू येऊ लागते. वीज गेली की एका दमात सगळे माग थांबतात आणि जी बधिर करणारी शांतता पसरते, ती त्या भागात राहणाऱ्या कुणालाही वेगळी सांगावी लागणार नाही. ती शांतता आणि जाळ्यावरची ती शांतता, या दोन्हींत सांधा आहे.

इथे कथाकाराने शास्त्राच्या एक पाऊल पुढे जाण्याची मुभा घ्यावी: आपले सोलापुरी कोळीही त्या दक्षिण अमेरिकेतल्या भावंडांसारखे एकदम थांबतात, आणि गोंगाट संपेपर्यंत थांबूनच राहतात. मग कारखान्यात अडकलेल्या माणसाला वाचण्याचा एकच उपाय उरतो. एक माग चालू ठेवायचा. पण साध्या यंत्रमागाची गोम अशी की आडवा धागा संपला की तो आपोआप थांबतो. धोट्यातली कांडी काही मिनिटांत रिकामी होते. ती काढून भरलेली घालायची, दांडा ओढायचा, माग पुन्हा ठोके देऊ लागतो. कांडी बदलायला जेवढे क्षण लागतात तेवढे क्षण शांतता. आणि शांततेत ते निघतात. कुणी डाव आखलेला नाही, कुणाला त्याचे नाव ठाऊक नाही. पाय उचलायला हरकत नाही एवढेच प्रत्येकीला कळले आहे. पुन्हा ठोका, पुन्हा सगळे स्तब्ध, फक्त दोन हात अलीकडे. पहाट व्हायला किती वेळ आहे हे लेखकाने सांगू नये; पेटीत भरलेल्या कांड्या किती उरल्या आहेत, ते मात्र वाचकाला पहिल्याच पानावर मोजून दाखवावे.